लांडग्याचा कागद

शनिवार, ६ सप्टेंबर

आजच्या फाशांच्या खेळात माझा पुलावरचा राक्षस दोन फेऱ्यांत मेला. दोन! तीन आठवडे खपून तयार केला होता मी त्याला. चाळीस जीव, दगडाची कातडी, पुलाखालून यायची चोरवाट — सगळं पाण्यात. धाकटीनं, माझ्या बहिणीनं, फासा टाकला, लांडगा झाली, दोन पंजे मारले, पुढच्या फेरीत आणखी दोन. खलास.

पोस्टमननं टाळ्या वाजवल्या. त्याचा चोर अजून पुलाच्या अलीकडेच उभा होता, तरी त्याला काही नाही. तो माणूस बिस्किटं मिळाली तरी खूश असतो. दातवाली मात्र खट्टू झाली. (दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावते आणि शनिवारी मांत्रिक होते.) आपल्या पात्राचा कागद टेबलावर उलटा ठेवला आणि म्हणाली, "काटेसाहेब, माझी मांत्रिक काय नुसती कंदील धरायला आणलीय का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण लागलं मनाला. काटेसाहेब म्हणतात मला, कारण मी दुकानांतले वजनकाटे तपासून शिक्के मारतो. लोकांचे काटे ग्रॅमवर आणायचे आणि आपल्या टेबलावर एक पारडं जमिनीला टेकलेलं!

लांडगा फार जड झालाय. काहीतरी करायला हवं.

रविवार, ७ सप्टेंबर

सकाळपासून स्वयंपाकघराच्या टेबलावर एकटाच लढाया खेळतोय. एकीकडे लांडगा, दुसरीकडे पहारेकरी. शंभर लढाया, वहीत रेघा. मग मांत्रिक विरुद्ध तोच पहारेकरी, शंभर. मग चोर. बायको म्हणाली, "टेबल कधी मोकळं होणार? की आज फासेच शिजवायचे?"

लांडगा शंभरात त्र्याऐंशी जिंकला. मांत्रिक सेहेचाळीस. चोर एकेचाळीस.

म्हणजे दातवालीचं शंभर टक्के खरं. धाकटीचे लाड झालेत, आणि ते मीच केलेत. सहा वर्षांपूर्वी तिला शेवटची फिट आली, नोकरी गेली, आणि ती घरात भिंतीकडे तोंड करून बसली, तेव्हा मी हा खेळ तिच्यासाठी रचला. शनिवारी तीन वाजता, आमच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी म्हणालो, काय व्हायचंय तुला? म्हणाली, "लांडगा. माणसाचा लांडगा होतो ना, तो." आणि कागदावर स्वतःच्या अक्षरात पहिली ओळ लिहिली — रूप बदलतं, शुद्ध जात नाही.

मी म्हणालो, असू दे. तेव्हा आकडे कोण बघत होतं!

आता ती बरी आहे. सहा वर्षांत एकही नाही. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी लिहून दिलं आणि शाळेची बस हातात आली. बत्तीस मुलं. मुलं तिला 'बसताई' म्हणतात. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं — पुन्हा एक जरी आली तर स्टेअरिंग बंद, त्याच दिवशी. ती वेळच आली नाही. आता तिला कशाला हवेत खास लाड?

मंगळवार, ९ सप्टेंबर

संपादकबाईंचा फोन. माझ्या खेळाच्या पुस्तकाचा मजकूर वाचलाय. आवडलाय. "पण लांडगा सोडून दुसरं काही कुणी का घेईल हो? चार जण बसले तर चारही लांडगेच होतील. कळप होईल, खेळ नाही!" ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नियम पक्के करून द्यायचेत. मग छापायला.

माझं पुस्तक! अजून खरं वाटत नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

चांदीचा नियम लावून पाहिला. चांदीच्या शस्त्राची जखम लांडग्याला भरून येणार नाही. धाकटी म्हणाली, "लाव की. या गावात चांदी परवडणारा डाकू दाखव आधी."

तरी जिंकली. घरी मोजलं होतं, एकोणऐंशी. जखमा भरायचा वेगही निम्मा केला — चौऱ्याहत्तर. नुसतं खरवडतोय मी, तळाला हातच लागत नाही.

खेळ संपल्यावर ती कपबश्या विसळायला थांबली. म्हणाली, "दादा, माझा लांडगा तुला एवढा का खुपतो?" मी म्हणालो, खुपत नाही, जड आहे. म्हणाली, "जड माणसालाच लोक कपाट उचलायला बोलावतात." आणि हसत गेली. चांगलं बोलते. कधीकधी जास्तच.

सोमवार, १५ सप्टेंबर

सापडलं!!

काटा तपासायला एका दुकानाकडे जाताना सुचलं. बळ कमी करायचंच नाही. बळाची किंमत लावायची. लांडगा झाल्यावर दर फेरीला वीस बाजूंचा फासा. आठच्या खाली पडला की शुद्ध गेली. कागद खेळणाऱ्याच्या हातातून माझ्याकडे. मग लांडगा मी चालवणार, आणि जो सगळ्यात जवळ उभा असेल त्याच्यावर जाणार, मित्र असो नाहीतर शत्रू. शुद्धीवर आला की मी सांगणार, तू काय केलंस ते.

जेवण विसरून शंभर लढाया खेळलो. बावन्न! मांत्रिक सेहेचाळीस, लांडगा बावन्न. याला म्हणतात बरोबर काटा.

बायकोला दाखवलं. तिनं वाचलं, परत वाचलं. "तिला विचारलंस?"

"नियम आहे. विचारायचं काय त्यात?"

"तरी," म्हणाली. भाजी चिरत राहिली.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

तिची पहिली ओळ मी स्वतःच खोडली. बारीक रेघ मारली, पट्टी धरून. उद्या खेळून बघायचं.

शनिवार, २० सप्टेंबर

विचका झाला.

सुरुवात चांगली होती. नवीन नियम वाचून दाखवला तेव्हा दातवालीनं टेबलावर बोटं वाजवली. पोस्टमन म्हणाला, "म्हणजे आता आम्हीच पळायचं का तिच्यापासून?" धाकटीनं आपला कागद बघितला. माझी रेघ बघितली. आज ती आली तेव्हाच उतरलेली दिसत होती. आठवडाभर झोप नाही म्हणे, बसचं काहीतरी काम निघालं होतं.

खाणीतली लढाई. दोन डाकू चोरावर तुटून पडले. ती म्हणाली, "मी मध्ये येते." लांडगा झाली. पहिली फेरी अकरा. दुसरी फेरी — पाच.

मी हात पुढे केला. "दे कागद."

तिनं सोडला नाही लगेच. "दादा, मी इथेच आहे की."

"नियम आहे."

दिला. आणि सगळ्यात जवळ कोण? चोर. तिच्याच पाठीशी उभा होता ना! मी फासे टाकले. दोन्ही पंजे लागले, तेही असे की पोस्टमनचा सहा वर्षांचा चोर जागच्या जागी गेला. पोस्टमन आधी हसला, मग कागदाकडे बघत बसला.

मग नियमाप्रमाणे मी तिला सांगितलं, तू काय केलंस. रंगवून सांगितलं. आवाज वगैरे काढला. कुठं लागलं, रक्त कुठं उडालं, तो तुझ्याकडे कसा बघत होता. सूत्रधार म्हणून तेच तर माझं काम.

ती खिडकीकडे बघत होती. बोटांनी बाही चिमटत. दोनदा हाक मारली, उत्तर नाही. राग आला की अशीच बसते, लहानपणापासून. मग एकदम उठली. "मी जाते." पर्स घेतली, फासे टेबलावर तसेच.

मी दारापर्यंत गेलो. म्हणालो, "अगं, खेळ आहे! रुसायचं वय राहिलंय का आता?" मागे वळूनही बघितलं नाही. भिंतीला हात लावून जिना उतरत होती. मी दार लावून घेतलं. जरा जोरातच.

थोड्या वेळानं पोस्टमन सिगारेट ओढायला म्हणून खाली गेला तो तासाभरानं आला. म्हणाला, "सोडून आलो तिला घरी. दमली होती." म्हणजे समजूत काढत बसला असणार. सगळ्यांनी तिचीच समजूत काढायची!

रविवार, २१ सप्टेंबर

तिचा फोन नाही. बायकोला मेसेज आलाय — तोंड आलंय, आज जेवायला येत नाही. तोंड आलंय म्हणे. बहाणे तरी बरे शोधावेत.

मी करणार नाही फोन. मोठा मी आहे.

गुरुवार, २५ सप्टेंबर

नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

तीन वाजले. टेबल पुसून ठेवलं होतं. दातवाली आली, दहा मिनिटं बसली, म्हणाली, "मला कंदील धरलेला चालला असता हो." पोस्टमन आलाच नाही, त्याच्याकडे आता पात्रच नाही. सहा वर्षांत पहिला शनिवार असा.

धाकटीचे फासे अजून इथेच आहेत. बायको त्यांच्यावरची धूळ पुसते आणि परत तिथेच ठेवते, मला दिसतील असे.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आज भांडण झालं घरात. भांडण म्हणजे मी बोलत होतो आणि बायको ऐकत होती. मी आकडे सांगत होतो — त्र्याऐंशी, चौऱ्याहत्तर, बावन्न. म्हणालो, एका माणसाच्या रागासाठी मी खोटा नियम छापू का?

ती म्हणाली, "तू तिच्या हातातून तिचं अंग काढून घेतलंस. ती नसताना ते कुठं कुठं लागलं ते तिला सांगितलंस. चारचौघांत. आवाज काढून." मग म्हणाली, "हे कसं असतं ते या घरात एकीलाच माहीत आहे."

मी उठून गॅलरीत गेलो. काय गाढव आहे मी! काय गाढव!

लहानपणी तिला फिट यायची ती धाडकन, न सांगता. ती बाराची, मी सतरा. शुद्धीवर आली की पहिला प्रश्न — "दादा, मी काय केलं?" आणि मी सांगायचो. सगळं. आई डोळ्यांनी नको नको म्हणायची, तरी सांगायचो. तू खुर्ची पाडलीस. तू माझ्या हाताला चावलीस, हे बघ वळ. तुझे कपडे ओले झाले, पाहुण्यांनी पाहिलं. मला वाटायचं, खरं सांगणं हेच बरोबर. ती ऐकायची, मान खाली घालून, आणि पुढचे दोन दिवस कुणासमोर यायची नाही. थोडं वगळलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही, पडलीस आणि उठलीस, एवढं म्हटलं असतं तर? पण नाही. मला ग्रॅम ग्रॅम मोजून द्यायचं होतं.

म्हणून तिनं लांडगा मागितला. अंग बदलेल, दात येतील, लोक घाबरतील — पण आत ती असेल, जागी. रूप बदलतं, शुद्ध जात नाही. सहा वर्षं ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्यावर पट्टी धरून रेघ मारली.

तिला भिंतीपासून उठवायला खेळ रचला मी, आणि त्याच खेळातून तिला उठवून लावलं. लाज वाटते. लिहितानाही वाटते.

बुधवार, १ ऑक्टोबर

रजा टाकली. सहा वर्षांच्या शनिवारच्या वह्या काढल्या. एकोणीस वह्या. नुसती माफी मागून भागणार नाही, नियमही नीट व्हायला हवा, नाहीतर संपादकबाई दुसरा कुणी बसवून तिचा लांडगा छाटतील.

मी प्रत्येक घाव लिहितो, कुणी मारला, कुणाला लागला. लांडग्याला लागलेले घाव मोजायला बसलो. चारशे बारा. आणि त्यातल्या दोनशे नव्वदांपुढे माझ्याच अक्षरात दोन अक्षरं — म. ये. पहिल्या वहीत पूर्ण लिहिलंय, 'मी मध्ये येते'. तिसऱ्या वहीपर्यंत इतक्यांदा लिहावं लागलं की मी ते छोटं करून टाकलं.

दोनशे नव्वद घाव दुसऱ्याच्या वाट्याचे होते! चोराच्या, मांत्रिकाच्या. पोस्टमनचा चोर सहा वर्षं जगला तो काय हुशारीनं? हा माणूस सापळा दिसला की त्यावर पाय देऊन बघतो.

आणि मी काय तपासलं? लांडगा एकटा, समोर पहारेकरी एकटा. शंभर वेळा. नोकरीत पहिल्या महिन्यात शिकवलं होतं साहेबांनी — मोठा काटा मधोमध वजन ठेवून तपासू नका, चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. मधोमध सगळेच काटे बरोबर असतात. नव्या पोरांना मी हेच ऐकवतो, वर ओरडतो. आणि स्वतःच्या टेबलावर मधोमध वजन ठेवून शिक्का मारला.

गुरुवार, २ ऑक्टोबर

नवा नियम. एकटा लढला तर लांडग्याला निम्मंच बळ. कुणाच्या तरी पुढे उभा राहिला, त्याचा घाव स्वतःच्या अंगावर घेतला, तर पूर्ण. मोजलं — एकटा एक्कावन्न. आणि चौघांचा मेळ धरून खेळलं तर मांत्रिक आणि चोरही पन्नाशीच्या आसपास टिकतात. कंदील धरायची गरज नाही कुणाला.

शुद्ध जायचा नियम काढून टाकला. कागद फाडून नाही, नीट खोडून. तिची ओळ पुन्हा लिहिली. माझ्या अक्षरात ती तेवढी चांगली दिसत नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

दुपारी तिच्या डेपोवर गेलो. मुलं सोडून आली होती, बस झाडत होती. सीटखालून पेन्सिली, एक मोजा, अर्धं सफरचंद. मला बघून झाडू तसाच धरून उभी राहिली. तोंड सुकलेलं. म्हणाली, "तू? कुणी सांगितलं काही?"

मी म्हणालो, कुणी कशाला सांगायला हवं, मला कळतं. आणि दारापाशी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. रेघ मारल्याचं, आवाज काढल्याचं, लहानपणीचंही. तयारी करून गेलो होतो, पण वाक्यं उलटीसुलटी झाली. म्हणालो, चुकलो गं. दोन्ही वेळा चुकलो.

ती पहिल्या सीटवर बसली. झाडू मांडीवर आडवा ठेवला. मग म्हणाली, "नियमाचं म्हणतोयस तू."

"मग कशाचं?"

"काही नाही." मग हसली. थोडीशीच. "लागलं होतं मला. खोटं का बोलू? तू सांगत होतास ना, रक्त कुठं उडालं ते… लागलं."

मी नवा नियम दाखवला. तिनं वाचला. 'म. ये.' ची गोष्ट सांगितली तेव्हा डोळे पुसले, हाताला झाडूची धूळ होती ती गालाला लागली. म्हणाली, "लिहून दे. कागद माझ्याच हातात राहील असं." मी नियमाखाली लिहिलं — रूप कोणतंही असो, लांडग्याचा कागद खेळणाऱ्याच्या हातातून कुणीही काढून घ्यायचा नाही. सही केली. तारीख घातली. सवय!

तिनं कागदाची घडी केली, उलगडली. म्हणाली, "दादा, समजा लांडग्याला स्वतःलाच वाटलं की सुटतंय आता हातातून. तर?"

मी म्हणालो, "तर त्याचं तो बघेल. तुझ्या हातून मी आता काही काढून घेणार नाही. शब्द."

ती किल्ल्यांचा जुडगा हातात फिरवत बसली. काहीतरी बोलणार होती असं वाटलं, तेवढ्यात डेपोच्या माणसानं बस मागे घ्यायला हाक मारली. मी खाली उतरलो. आरशात हात हलवला तिनं.

घरी येताना फार हलकं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी.

शनिवार, ४ ऑक्टोबर

आली!!

पोस्टमननं नवं पात्र आणलं — जुन्या चोराचा भाऊ. "त्याच्यापेक्षा हुशार," म्हणाला. पहिल्याच खोलीत सापळ्यावर पाय दिला. धाकटी म्हणाली, "मी मध्ये येते," आणि दातवाली इतकी हसली की चहा नाकात गेला. मग तिच्याच मांत्रिकानं शेवटचा घाव घातला. टेबलावर चढून नाचायची बाकी राहिली होती बाई.

जाताना धाकटी दाराशी थांबली. "दादा, खूप छान झालं आज." माझा हात धरला दोन्ही हातांनी, जरा जास्तच वेळ. आमच्यात हे असलं नसतं. मी तिच्या पाठीवर थाप मारली.

सोमवार, ६ ऑक्टोबर

नियम पाठवले. संपादकबाईंचा लगेच फोन. "आता चार जण बसले तर मी लांडगा घेईन, पण बाकी तिघांना घेऊन!" छापायला गेलं. पहिल्या पानावर लिहायला सांगितलंय — धाकटीस, जी मध्ये येते.

शनिवार, ११ ऑक्टोबर

छान खेळ. काही लिहायचं नाही. असे शनिवार असावेत.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

पुस्तकाच्या पहिल्या प्रती आल्या. पोस्टमननंच आणून दिल्या, गणवेशात, पिशवी खांद्याला. मी तिथेच दोरी कापायला लागलो. तो पाणी प्यायला आणि सहज म्हणाला, "बहीण बरी आहे ना आता पूर्ण? त्या दिवशी जिन्यात घाबरलोच होतो मी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडली होती, अंग नुसतं उडत होतं. दोन-तीन मिनिटं असेल. जीभ चावली गेली होती, रुमाल भरला. म्हणाली, उपाशी आहे म्हणून चक्कर आली, दादाला सांगू नका, उगाच घाबरतो. मला वाटलं, आता तुम्हाला कळलं असेलच."

मी म्हणालो, हो, कळलं.

तो गेला. पुस्तकं तशीच आहेत. ती रुसली नव्हती. या वेळी तिला आधी कळलं होतं येतेय ते, आणि ती आमच्यासमोर नको म्हणून उठून गेली. एक मजला वर मी दार आपटत होतो. त्या दिवसापासून रोज सकाळी बत्तीस मुलं घेऊन निघतेय. डेपोत सांगायला आली होती ओठांवर, आणि मी शब्द देऊन तिचं तोंड बंद केलं. लेखी. सहीनिशी.

पाच वाजलेत. उद्या साडेसहाला पहिला थांबा. बायको चपला घालून उभी आहे, म्हणते मी पण येते. नको म्हणालो.

धाकटीच दार उघडेल. पुस्तक आलं असेल म्हणून माझे हात बघेल. आणि मी किल्ली मागेन.